बीटलच्या १६०० इंजिनाला जोड कार्ब्युरेटर: नागपूरच्या उन्हाळ्यासकट

हवेवर थंड होणाऱ्या फोक्सवॅगन बीटलचं १६०० सीसी इंजिन मागून उघडलं की मधोमध एकच कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग, थोडक्यात कार्ब) दिसतो. तिथून निघालेलं मिश्रण लांब नळीतून डावी-उजवीकडच्या हेडपर्यंत (सिलिंडरच्या झाकणापर्यंत) जातं. वाटेत पेट्रोलचे थेंब नळीला चिकटतात, चारही सिलिंडरना सारखा वाटा मिळत नाही, आणि ३००० आरपीएमनंतर इंजिनाला दम लागतो. प्रत्येक हेडवर आपला स्वतंत्र कार्ब बसवला की ही वाट वीतभर उरते. पिकअप मोकळा होतो आणि वरच्या फेऱ्यांत इंजिन अडकत नाही.

पण आकडाही आधी ऐकून घ्या. फोक्सवॅगनच्याच टाइप ३ गाडीत १६०० चं इंजिन दोन कार्बवर ५४ अश्वशक्ती देत असे, बीटलमध्ये एका कार्बवर ५०. गाडी दुप्पट पळणार नाही. आणि कार्ब बसवणं हे काम दीड-दोन दिवसांचं असलं तरी दोन्ही कार्ब एकसारखे चालवणं आणि इंजिन तापू न देणं, खरी मेहनत तिथे आहे. नागपुरात तर जास्तच.

१. आधी कागद

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातल्या तपशिलात फरक पडेल असा बदल परस्पर करता येत नाही. इंजिन नंबर, सीसी आणि इंधन तेच राहत असेल तर कार्ब बदलणं किरकोळ वाटतं, तरी इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवून ठेवा. गाडी जळाली तर क्लेमच्या वेळी हाच कागद विचारतात.

गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी असेल आणि तुम्हाला केंद्राच्या २०२१ च्या नियमांखाली 'व्हीए' मालिकेतली व्हिंटेज नोंदणी हवी असेल, तर ती मूळ रूपातल्या गाडीला मिळते. इंजिनात फेरफार दिसला तर अडचण होऊ शकते. म्हणून काढलेला एकही नट फेकू नका. जुना कार्ब, मधली नळी, एअर क्लीनर, सगळं तेल लावून एका खोक्यात आणि खोक्यावर चिठ्ठी.

हाताशी ठेवायचे कागद: आरसी बुक, चालू इन्शुरन्स, पीयूसी, सुट्या भागांची बिलं. कार्ब परदेशातून मागवणार असाल तर कुरिअरवाले केवायसी मागतात. आधार-पॅनच्या प्रती तयार असल्या की पार्सल कस्टम्समध्ये अडकून पडत नाही.

२. तुमचं हेड कोणतं ते ओळखा

सगळ्यात महागडी चूक इथे होते. जुन्या १६०० हेडला प्रत्येक बाजूला एकच भोक असतं, नंतरच्या हेडला दोन. न उघडता ओळखायची खूण अशी: मधली नळी दोन्ही टोकांना एका अॅल्युमिनियमच्या तुकड्यात जाते आणि जोडावर रबरी बूट दिसतो, तर ते दोन पोर्टचं हेड. लोखंडी नळी थेट हेडवर टेकते आणि बूट नाही, तर एक पोर्टचं. एकाचं मॅनिफोल्ड (कार्ब आणि हेड जोडणारी नळी) दुसऱ्याला बसत नाही. लेथवाल्याकडून 'जुगाड' करून घेण्याच्या भानगडीत पडू नका.

३. कोणता कार्ब

मूळ सोलेक्स ३४ पिक्ट ३ झिजलेला असेल तर आधी त्याच्या थ्रॉटलच्या (पॅडलने उघडणाऱ्या झडपेच्या) दांड्याला बूश मारून, नवीन किट टाकून बघा. अर्ध्या लोकांना जी 'पॉवर कमी' वाटते ती तिथेच परत मिळते.

नवीनच हवा असेल तर साध्या १६०० ला वेबर ३४ आयसीटीची जोडी पुरते. एका बाजूला एक कार्ब, एका कार्बला एकच घसा (हवा आत जाण्याची वाट). सुटसुटीत आहे आणि जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे तुकडे) सहज मिळतात. ४० आयडीएफची जोडी दिसायला देखणी असते, पण ती मोठ्या बोअरच्या आणि वेगळ्या कॅमच्या इंजिनासाठी. साध्या १६०० वर ती बसवली तर सीताबर्डीच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी धक्के देते. घसा जितका मोठा, तितकी त्यातली हवा कमी वेगात मंद, आणि मंद हवा पेट्रोल नीट ओढत नाही. मधल्या नळीवरच दोन घशांचा एक कार्ब बसवण्याचा तिसरा पर्यायही विकला जातो. वाटपाची अडचण त्यात तशीच राहते, तेव्हा तो सोडा.

स्वस्त नकला बाजारात भरपूर आहेत. त्या घेतल्याच तर बसवण्याआधी पूर्ण खोला. आतल्या वाटांमध्ये कातकामाचा कीस अडकलेला असतो, आणि पेट्रोल आत येणारी पितळी नळी नुसती दाबून बसवलेली असते. ती हाताने हलली तर आटे पाडून स्क्रूची नळी बसवून घ्या; हिंगणा एमआयडीसीतल्या कुठल्याही चांगल्या टर्नरला जमणारं काम आहे. ती नळी चालत्या गाडीत निसटली तर पेट्रोल थेट गरम इंजिनावर सांडतं.

४. सामान

- कार्बची जोडी, तुमच्या हेडची मॅनिफोल्डं, पॅकिंगचे दोन संच
- दोन्ही मॅनिफोल्ड जोडणारी बॅलन्स नळी (किटमध्ये नसेल तर वेगळी घ्या)
- कार्बखाली घालायची बॅकेलाइटची जाड पट्टी, दोन
- लिंकेज (पॅडलची ओढ दोन्ही कार्बना पोचवणाऱ्या दांड्या-कड्या), दोन एअर फिल्टर
- सायलेन्सरवरच्या दोन भोकांना झाकणाऱ्या प्लेटा
- मेन जेट: आलेल्या नंबरापेक्षा ५ आणि १० ने मोठे, प्रत्येकी दोन, स्लो जेट (कमी फेऱ्यांसाठीचे) ५० आणि ५५
- इथेनॉल चालणारा होज पाइप, अंगावर 'आर ९' छापलेला, आणि बारीक आट्यांच्या गोल क्लिपा
- पेट्रोलच्या दाबाचं मीटर, टायमिंग लाइट, कॉम्प्रेशन गेज, हवा मोजणारं सिंक्रोमीटर
- १३ आणि १७ नंबरचे पाने, फीलर गेज
- दोन किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक

शेवटची वस्तू यादीभरतीची नाही. या इंजिनाचं केसिंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं आहे. ते पेटलं आणि वरून पाणी मारलं तर आग आणखी भडकते.

५. जुन्या इंजिनाची तब्येत

खाली सांगितलेलं जमत नसेल तर नवा कार्ब घेऊ नका, पैसे इंजिनात घाला.

इंजिन थंड असताना टॅपेटचा गॅप ०.१५ मिमी. पॉइंटचा गॅप ०.४ मिमी. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरमध्ये १०० ते १३० पीएसआयच्या दरम्यान, आणि आपसातला फरक २० पेक्षा कमी. ऑइल २०डब्ल्यू-५०, अडीच लिटर.

मग थंडाव्याचा भाग. इंजिनाभोवतीचे सगळे पत्रे जागेवर हवेत, आणि इंजिनाच्या कडेने, बॉडीला लागून जी रबरी पट्टी असते ती अखंड हवी. ही पट्टी सडली की सिलिंडरवरून तापून खाली गेलेली हवा परत वर येते आणि ब्लोअर (इंजिन थंड करणारा पंखा) तीच गरम हवा पुन्हा फेकतो. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना याने काय होतं, ते ३ नंबरच्या सिलिंडरला विचारा: जुन्या ब्लोअर पेटीत ऑइल कूलर नेमका त्याच्या वाटेत बसतो, म्हणून एरवीही सगळ्यात जास्त तापणारा तोच. पट्टा मध्यभागी अंगठ्याने दाबून साधारण १५ मिमी दबला पाहिजे. ब्लोअर पेटीतल्या थर्मोस्टॅटच्या झडपा 'आपल्याकडे थंडी कुठे' म्हणून काढून टाकतात, तेही नको. त्या हवेला दिशाही देतात.

६. उतरवणं आणि बसवणं

बॅटरीची तार काढा. मधली नळी गाडीत इंजिन असतानाही निघते, पण डायनॅमो आणि ब्लोअर पेटी उचलून धरावी लागते आणि हात सोलतात. चार १७ च्या नट-बोल्टवर टेकलेलं इंजिन जॅकवर खाली घेणं सोपं पडतं. त्या निमित्ताने ती रबरी पट्टीही नीट बसते.

हेडवरचा जुना पॅकिंगचा थर प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. त्याआधी सगळ्या पोर्टमध्ये कापडाचे बोळे कोंबा आणि काढताना मोजा. जितके घातले, तितके निघाले.

मॅनिफोल्डचा तळ काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर ठेवून घासून बघा. चमक सगळीकडे सारखी आली तर तो सपाट. नवीन मॅनिफोल्डसुद्धा वाकडं निघतं. एम ८ चे नट साधारण २० न्यूटन मीटरवर, दोन-तीन फेऱ्यांत, आलटून-पालटून. यापेक्षा जोर लावला की हेडमधले आटे मरतात आणि स्टड हातात येतो.

मॅनिफोल्डवर बॅकेलाइटची पट्टी, मग कार्ब. ही पट्टी नसेल तर उन्हाळ्यात गाडी बंद केल्यावर हेडची धग कार्बच्या (पेट्रोल साठणाऱ्या) वाटीत चढते, पेट्रोल उकळून घशात सांडतं, आणि दहा मिनिटांनी गाडी सुरू होत नाही. तशी वेळ आलीच तर पंप न मारता पॅडल तळाला दाबून ठेवा आणि सेल्फ मारा.

बॅलन्स नळी विसरू नका. या इंजिनाचा फायरिंग क्रम १-४-३-२. उजवा कार्ब १ आणि २ ला पाजतो, डावा ३ आणि ४ ला. म्हणजे डावीकडे ४ ने ओढलं की लगेच ३ ओढतो, मग दोन्ही गप्प; उजवीकडे २ नंतर लगेच १. या उचक्यांमुळे कमी फेऱ्यांत इंजिन थरथरतं. दोन्ही बाजू एका नळीने जोडल्या की ते बरंच शांत होतं.

सायलेन्सरला जिथून मधली नळी तापवणाऱ्या गरम धुराची वाट होती, ती दोन भोकं प्लेट मारून बंद करा. उघडी राहिली तर धूर इंजिनाच्या खोलीत येतो, आणि तिथून हीटरच्या वाटेने तुमच्या नाकात.

७. पेट्रोलची लाइन

मूळ मेकॅनिकल पंप पुरतो, फक्त दाब मोजा. या कार्बना २.५ ते ३ पीएसआय पुरे. नवीन पंप बऱ्याचदा जास्त देतो आणि फ्लोटची सुई (वाटी भरली की पेट्रोल रोखणारी) दाबाने उघडी राहून कार्ब ओव्हरफ्लो होतो. उपाय फुकटातला: पंपाखाली पेपर पॅकिंगचा एक थर वाढवा, पंपाचा फेरा कमी होतो आणि दाब उतरतो. पुन्हा मोजा.

पंपापासून टी, टी पासून दोन्ही कार्बना सारख्या लांबीचे पाइप. पाइप पत्र्याला घासू देऊ नका आणि डिस्ट्रिब्यूटरच्या (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) वरून नेऊ नका. प्लास्टिकचा पारदर्शक फिल्टर इंजिनाच्या खोलीत लटकवण्याची जी पद्धत आहे तिने बीटल जळतात. फिल्टर टाकीखाली किंवा गिअरबॉक्सजवळ बसवा.

आता पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुना कापडी वेणीचा पाइप आणि पंपाचा जुना डायफ्राम ते काही महिन्यांत पिठूळ करतं. टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळही सुटून पुढे येतो, तेव्हा पहिल्या महिन्यात फिल्टर दोनदा बदला.

८. लिंकेज

इंजिन तापलं की दोन्ही हेड एकमेकांपासून थोडी दूर सरकतात. कार्ब त्यांच्यावरच बसलेले, म्हणजे तेही. आडवी दांडी थंड इंजिनावर ताठ बसवली तर गरम झाल्यावर ती एक थ्रॉटल किंचित उघडते आणि स्लो स्पीड चढतो. म्हणून दांडीला आडवा थोडा खेळ ठेवा, आणि अंतिम सेटिंग नेहमी गरम इंजिनावरच. दोन्ही बाजूंच्या उभ्या कड्या एकाच कोनात उतरल्या पाहिजेत; एक तिरकी असेल तर अर्ध्या पॅडलला दोन्ही थ्रॉटल वेगवेगळे उघडतात.

एकाला पॅडल पूर्ण दाबायला सांगून घशात बघा. दोन्ही पाकळ्या अगदी उभ्या दिसल्या पाहिजेत. पॅडल सोडल्यावर दोन्ही खट्कन बंद.

९. टायमिंग

नवीन कार्बला व्हॅक्यूमची नळी जोडायला जागा आहे का ते आधी बघा. असेल तर व्हॅक्यूमचा डिस्ट्रिब्यूटरच ठेवा. नुसत्या वजनांवर चालणारा ००९ मिळायला सोपा आहे, पण सिग्नलवरून निघताना इंजिन क्षणभर गिळून बसतं, तो बराचसा त्याचा दोष असतो. लोक मात्र जेट बदलत बसतात.

व्हॅक्यूमची नळी काढून, टोक बंद करून, ३००० च्या वर एकूण टायमिंग ३० अंशांवर बांधा. खूण करायची सोपी रीत: पुलीच्या कडेभोवती कागदाची पट्टी गुंडाळून परीघ मोजा, त्याला १२ ने भागा. शून्याच्या खुणेपासून उजवीकडे तेवढ्या अंतरावर पांढरा ठिपका द्या. मात्र पुलीवरची खाच शून्याचीच असेल असं गृहीत धरू नका, काही वर्षांच्या पुलीवर ती शून्यानंतर ५ अंशांची आहे. पिस्टन वर आणून खात्री करा.

१०. दोन्ही कार्ब एका सुरात

इंजिन वीस मिनिटं चालवून पूर्ण गरम करा. एका बाजूची कडी सोडा. मिक्स्चरचे स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर. स्लो स्पीड ९०० च्या आसपास.

सिंक्रोमीटर एकदा डाव्या, एकदा उजव्या घशावर धरा आणि थ्रॉटलच्या स्क्रूने दोन्हीकडे एकच आकडा आणा. मग एकेका बाजूचा मिक्स्चर स्क्रू हळूहळू आत घ्या. इंजिन अडखळायला लागलं की परत बाहेर, आवाज सगळ्यात गोल येईपर्यंत, आणि वर पाव फेरा. पुन्हा हवा मोजा. हे दोन-तीनदा करावं लागतं. एका फेऱ्याच्या आतच इंजिन खूश असेल तर स्लो जेट मोठा आहे. अडीच फेऱ्यांच्या बाहेर गेलात तर लहान. पीयूसीला स्लो स्पीडवरच धूर मोजतात, तेव्हा ही पायरी नीट झाली की तिथे त्रास नाही.

आता सोडलेली कडी परत लावा. लावताना थ्रॉटलचा हात हलता कामा नये. हलला तर कडीची लांबी बदला. शेवटी २५०० वर धरून पुन्हा दोन्ही घसे मोजा.

आकडे स्थिरच होत नसतील तर कुठूनतरी हवा घेतंय. पाण्याची फवारणी बाटली घ्या आणि मॅनिफोल्डच्या जोडांवर एकेक करून मारा. जिथे आवाज बदलला तिथे गळती. यासाठी कार्ब क्लीनर गरम इंजिनावर मारू नका.

११. जेट, आणि नागपूरचे दोन ऋतू

जेटवरचा नंबर म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात: १३० म्हणजे १.३० मिमी. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला तेवढ्याच हवेत सुमारे ८ टक्के जास्त इंधन लागतं. १३० चा १३५ केला की भोकाचं क्षेत्रफळ जवळपास तेवढंच वाढतं. परदेशी तक्त्यात दिलेला मेन जेट आपल्याकडे म्हणून एक पायरी लहान ठरतो, आणि मिश्रण लीन जातं. म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात याने पिकअप बिघडतो. हवेच्या इंजिनात हेडला व्हॉल्व्ह आणि प्लगच्या मधे चीर जाते.

चाचणीला पहाटेचा मोकळा आउटर रिंग रोड बरा. चौथ्या गिअरला ६० पासून पूर्ण पॅडल, ९० ला पोचलात की क्लच दाबून इग्निशन बंद (चावी लॉकपर्यंत फिरवू नका), कडेला थांबून चारही प्लग काढा. आजच्या पेट्रोलने प्लगला रंग फिका चढतो, म्हणून चिनी मातीच्या अगदी मुळाशी बघा. पांढरा फट्ट म्हणजे लीन, काजळी म्हणजे रिच (पेट्रोल जास्त), फिका तपकिरी ठीक. धुरातून मिश्रण मोजणारं वाइडबँड मीटर मिळालं तर उत्तम, पण लॅम्डाच्या आकड्यात वाचा (१ म्हणजे नेमकं मिश्रण, त्याखाली रिच): पूर्ण पॅडलला ०.८५ ते ०.८८, सरळ चालीत ०.९५ च्या आसपास. पेट्रोलसाठीचे हवा-इंधन प्रमाणाचे जुने १२-१३ चे आकडे इथेनॉलमुळे फसवतात.

प्लगखाली बसणारं हेडच्या तापमानाचं मीटर लावा आणि काटा २०० अंशांच्या आत ठेवा. रुईकर मार्गावरच्या गर्दीत नव्हे, वर्धा रोडवर सलग ८० ने पंधरा मिनिटं चालवल्यावर तो बघायचा.

आता मेख. ४५ अंशांची हवा १२ अंशांच्या हवेपेक्षा साधारण १० टक्के विरळ. त्यामुळे कार्ब मे महिन्यात आपोआप सुमारे ५ टक्के रिच चालतो, आणि जानेवारीत तेवढाच लीन. मेमध्ये नेमकं जमवलेलं जेटिंग जानेवारीच्या पहाटे इंजिन तापवतं, आणि 'थंडीत कुठे तापतंय' म्हणून मीटरकडे कुणी बघत नाही. तेव्हा जेट डिसेंबर-जानेवारीत ठरवा. उन्हाळ्यात काम करणं भाग असेल तर हाती आलेल्या नंबरापेक्षा एक पायरी मोठा टाका. थोडं पेट्रोल जास्त जाईल, हेड वाचेल. चिखलदऱ्याला जाणार असाल तर तिथे उंचीमुळे मिश्रण आणखी रिच होतं. दोन दिवसांसाठी जेट बदलायची गरज नाही.

१२. नंतरचे महिने

या कार्बना आपोआप चालणारा चोक नसतो. थंडीत पॅडल दोनदा दाबून सोडा, सेल्फ मारा, आणि दोन-तीन मिनिटं पायाने रेस धरून ठेवा.

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर मॅनिफोल्डचे नट पुन्हा तपासा, पॅकिंग दबलेलं असतं. सिंक्रोमीटर पुन्हा लावा. एअर फिल्टर उन्हाळ्याच्या धुळीत महिन्याला झटका.

पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा; रिकाम्या टाकीत दमट हवा शिरते, इथेनॉल पाणी धरतं आणि ते तळाला बसतं. बऱ्याच दिवसांनी सुरू केल्यावर गाडी दोनच सिलिंडरवर फटफट करत असेल, तर घाबरून कार्ब उतरवू नका. ज्या बाजूची प्लगची तार काढूनही आवाज बदलत नाही, त्या बाजूचा स्लो जेट बाहेर काढा, उजेडाकडे धरून आरपार दिसतंय का बघा, आणि हवेने फुंका. तार आत खुपसू नका, भोक मोठं होतं. पुढच्या डिकीत त्यासाठी एक चपटा स्क्रू ड्रायव्हर आणि दोन जादा स्लो जेट कायम असू द्या.